आजचा भाव काय? बाजारभावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निफाड तालुक्यातला. घरचा कांदा असतो, थोडं सोयाबीन असतं. गेली काही वर्षं रोज संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप गटावर बाजारभाव टाकतो. भाव टाकला की पाच मिनिटांत प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी तेच ते. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. गटावर आता मराठवाड्यातले पाहुणेही आहेत, त्यामुळे कांद्याबरोबर सोयाबीन, जनावरं, कोंबडी असं सगळंच आलंय.

पेपरात कांदा क्विंटलला २१०० लिहिलाय. माझ्या ट्रॉलीला १४०० च का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात राग असतो. बाजार समिती दिवसाचे तीन आकडे देते: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. पेपरवाला मथळ्यात दुसरा घेतो, कारण तो मोठा दिसतो.

समजा, एका रांगेत दहा ट्रॅक्टर उभे आहेत. एकात निवडलेला, एकसारखा, कडक पत्तीचा माल आहे. तो २१०० ला गेला. एकात गोल्टी (बारीक कांदा), जोड (जुळा) आणि काजळी (काळी बुरशी) धरलेला कांदा आहे. तो ६०० ला गेला. उरलेले आठ १४०० ते १५०० च्या मधे विकले गेले. संध्याकाळी तक्त्यात येणार ६००, २१०० आणि १४५०. २१०० चा भाव खोटा नाही, पण तो एका माणसाचा आहे. १४५० आठ जणांचा.

सर्वसाधारण म्हणजे बहुतेक माल ज्या दराच्या आसपास विकला गेला तो दर. वरच्या आणि खालच्या आकड्याची बेरीज करून निम्मे केले की येतो तो नव्हे. तसं केलं तर वरच्या उदाहरणात १३५० येतील, आणि तुम्ही १४०० घेऊन खूश होऊन घरी जाल. म्हणून मी गटावर सर्वसाधारण दर आधी लिहितो, जास्तीत जास्त शेवटी. यावरून एकदा दोघंजण गट सोडून गेले, म्हणे भाव पाडतोय.

आणखी एक. व्यापारी ट्रॉलीच्या वरचा थर बघत नाही. तो बाजूनं हात घालून आतला कांदा काढतो, दाबून बघतो, मान वळवून बघतो. वर चांगला आणि खाली बदला (हलका, खराब कांदा) भरलेला माल त्याला त्या दोन मिनिटांत कळतो, आणि एकदा कळला की तुमचा चांगला कांदाही बदल्याच्या भावात जातो.

सकाळी १६०० चालला होता. दुपारी माझा नंबर आला तोवर १४०० झाला. हे ठरवून करतात का?

कधी करतही असतील, मी कुणाची शपथ घेणार नाही. पण दरवेळी तसं नसतं. लासलगावला सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं होतात. सकाळी व्यापाऱ्याकडे भरायच्या गाड्या मोकळ्या असतात, बाहेरच्या राज्यातून आलेली मागणी हातात असते. दुपारपर्यंत त्याची खरेदी भागलेली असते, खळ्यावर माल पसरलेला असतो आणि निवडायला मजूर तेवढेच. मग तो बोली वाढवत नाही.

त्यात आवक. लासलगावला आवक नगात सांगतात, म्हणजे किती वाहनं आली. रोजच्यापेक्षा दीडपट नग लागले की खरेदीदार तेवढेच राहतात आणि भाव उतरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर, मार्चअखेरच्या हिशोबाच्या बंदनंतर पहिल्या दिवशी हे हटकून होतं. नाशिक जिल्ह्यात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी रीत होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी हीच गर्दी व्हायची. बंदनंतर पहिल्याच दिवशी जायची घाई करू नका, एवढंच माझं मत. पण गावातले सगळेच थांबले तर गर्दी तिसऱ्या दिवशी होईल, हेही खरं.

लासलगाव, सोलापूर, पुणे, तिन्हीकडे वेगळा भाव. गाडी करून सोलापूरला न्यावा का?

आधी दोन्हीकडे काय विकलं जातंय ते बघा. आपल्याकडे कांदा मोकळा, वाहनातच विकला जातो. सोलापूर आणि पुण्याला गोणीत भरून, अडत्याकडे (कमिशनवर माल विकून देणाऱ्याकडे). म्हणजे तिकडच्या भावात गोणी, भराई, निवडणी आणि भाडं धरलेलं असतं. एवढं वजा केल्यावर २०० रुपयांचा फरक बऱ्याचदा पन्नासवर येतो, आणि गाडी वाटेत पावसात भिजली तर तोही जातो.

परिमाणही बघत जा. क्विंटलचा भाव, दहा किलोचा भाव आणि नगाचा (इथं नग म्हणजे एकेक वस्तू) भाव एकाच यादीत असतात. पुण्याच्या मार्केट यार्डात फळभाज्या दहा किलोवर बोलतात, कोथिंबीर-मेथी शेकडा जुड्यांवर. कापसाच्या बातमीत खंडी आली तर ती रुईची, ३५६ किलोची. आपण विकतो तो सरकीसकट कापूस क्विंटलवर. गेल्या हंगामात एकानं खंडीचा आकडा क्विंटलचा समजून घरात कापूस दाबून ठेवला होता. चूक कळली तेव्हा घरात कापसानं खाज सुटलेली होती आणि भाव उतरलेला होता.

दिल्लीत एक कागद निघतो आणि इथं एका रात्रीत भाव कसा पडतो?

कारण कांदा चाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) असतो, पण त्याची किंमत पुढच्या महिन्यात तो कुठं जाणार यावर ठरते. निर्यातीचं दार बंद झालं की बाहेर जाणारा माल देशातच फिरणार हे व्यापाऱ्याला त्याच मिनिटाला कळतं, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली बोलीच खाली सुरू होते. माल तेवढाच असतो, खाणारी तोंडंही तेवढीच.

२०२३ चं साल ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क आलं, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या शेवटी टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लागलं, म्हणजे त्याखाली बाहेर विकायला मनाई. तरी भाव टिकून होता, कारण उन्हाळ (उन्हाळ्यात काढलेला) कांदा संपत आला होता आणि लाल (खरिपाचा) नुकता येत होता. मग ७ डिसेंबरला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर लोक बसले. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव घसरतच गेला, डिसेंबर संपायच्या आत जवळपास निम्म्यावर आला. मोठ्या जमिनीचा शेतकरी असो की दोन बिघ्यांचा, त्या पंधरवड्यात ज्याचा लाल कांदा काढणीला आला होता त्याला पर्याय नव्हता. लाल कांदा चाळीत टिकत नाही. उन्हाळ टिकतो, म्हणून उन्हाळवाल्याला थांबता येतं.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. गेलं तेव्हा गटावर पेढ्यांची चित्रं आली होती. पण तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी जोरात होती आणि आवकेच्या रेट्यात भाव काही उसळला नाही. दार बंद होताना भाव पडतो तेवढ्या वेगानं दार उघडताना चढत नाही, कारण बांगलादेशचा किंवा आखातातला गिऱ्हाईक मधल्या काळात दुसऱ्या देशाचा कांदा घ्यायला शिकलेला असतो.

उन्हाळ कांदा विकू की चाळीत ठेवू?

हे मला विचारू नका, चाळीला विचारा. हिशोब मात्र सांगतो. एप्रिलमध्ये १०० क्विंटल आहे आणि भाव १२०० आहे, तर हातात १ लाख २० हजार. चार महिन्यांनी पाव वजन गेलं, काही सुकून, काही सडून, काही कोंब फुटून, तर उरले ७५ क्विंटल. तेवढेच १ लाख २० हजार यायला भाव १६०० लागतो. म्हणजे पेपरात ‘कांदा ४०० नं वधारला’ असं येईल त्या दिवशी तुम्ही फक्त एप्रिलच्या जागेवर परत आलेले असाल, आणि चाळ निवडायची मजुरी वेगळी. पाऊसमान वाईट असेल तर वजन पावाऐवजी तिसरा हिस्साही जातं.

मी स्वतः निम्मा काढतो, निम्मा ठेवतो. त्यामागं काही शास्त्र नाही. दोन्हीकडून अर्धं वाईट वाटतं, पूर्ण वाटत नाही.

सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला ५३२८ जाहीर झाला, मग व्यापारी कमी दरानं कसा घेतो?

२०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ होता, बरोबर. पण तो सरकारी खरेदीचा भाव. नाफेडसारख्या, सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्थेच्या केंद्रावर आधी नोंदणी करायची, नंबर लागायचा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत असायला हवा. आडतीवर बोली लावणारा खासगी व्यापारी त्याच्या हिशोबानं बोलतो आणि त्याचा हिशोब हमीभावाशी नाही, तेल-पेंडीशी जोडलेला असतो.

सोयाबीन गाळलं की शंभर किलोतून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकीची बहुतेक पेंड. तेलाचा भाव बाहेरून येणाऱ्या पाम आणि सोयातेलावर, म्हणजे आयात शुल्कावर हलतो. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयात करतो. पेंड जाते कोंबडीच्या खाद्यात. तिथं आता इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारा मक्याचा-तांदळाचा स्वस्त चोथा पेंडीशी स्पर्धा करतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आता सोयाबीन सुटलं. तेल चढलं, पेंड पडून राहिली, आणि दाण्याचा भाव तिथल्या तिथं. म्हणून लातूरचा भाव बघताना पेंडेचा भावही विचारत जा. आडतीवरच्या मुनीमाला माहीत असतो.

ओलं सोयाबीन लगेच विकावं की वाळवून?

इथं गणित अगदी स्वच्छ आहे. १८ टक्के ओलाव्याच्या १०० क्विंटलमध्ये कोरडा ऐवज ८२. तो १२ टक्क्यांवर वाळवला की वजन भरतं ९३ क्विंटल आणि थोडं. ओल्याला ४००० मिळत असतील तर वाळवलेल्याला ४३०० मिळाले तेव्हा दोन्ही समान. त्याच्यावर मिळालं तर वाळवण्याचे कष्ट फळले. पण मॉइश्चर मीटर प्रत्येक आडतीवर थोडा वेगळा बोलतो. एका दुकानात माझ्या मालाचा ओलावा १६ निघाला, शेजारच्या दुकानात त्याच पोत्याचा १३.५. तेव्हापासून दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय पोतं सोडत नाही.

वायदेबाजारामुळे भाव हलतो का?

सोयाबीन, हरभरा, गहू यांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) सेबी या बाजार नियामकानं डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. त्यामुळे या पिकांपुरता हा राग निष्कारण आहे. वायदे नसतानाही भाव पडलेच. हळदीचे वायदे चालतात, आणि सांगली-वसमतचा व्यापारी मोबाइलवर त्यांच्याकडे एक डोळा ठेवून बोली लावतो.

तुम्हाला किलोला दहा मिळतात आणि आम्ही पुण्यात चाळीसला घेतो. मधले तीस कोण खातं?

गटावरच्या शहरातल्या भावांसाठी: त्या तीसातले काही खाल्ले जातात, काही सडतात. निवडताना घट, गोणी, हमाली, भाडं, दोन-तीन हातांचा नफा, शेवटी हातगाडीवर न विकला गेलेला माल. पण भाव पडला की तुमच्याकडे आठवडाभर उशिरा पडतो आणि चढला की दुसऱ्या दिवशी चढतो, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

बैल-म्हशींचे भाव तुम्ही का टाकत नाही?

कारण तो भाव कुणी मोठ्यानं बोलतच नाही. कांद्याचा लिलाव चारचौघांत होतो. जनावराचा सौदा उपरण्याखाली. दोघं हात हातात घेतात, वरून उपरणं किंवा टोपी टाकतात आणि बोटं दाबून किंमत सांगतात. एक बोट म्हणजे शंभर, हजार की दहा हजार, हे त्या दोघांना आणि मधल्या हेड्याला (दलालाला) ठाऊक. बाजूला उभा असलेला आपण नुसता चेहरे वाचतो. सौदा जुळला की इसार देतात आणि मग पावती. पावतीवरची किंमत खरीच असेल असं नाही, कारण बाजाराची फी तिच्यावर लागते.

शिवाय ‘बैलाचा भाव’ असं काही नसतं. कांद्याची ट्रॉली दुसऱ्या ट्रॉलीसारखी असते, बैल दुसऱ्या बैलासारखा नसतो. आधी दात बघतात: आदत (दुधाचे दात), दुसा (दोन दात), चौसा (चार दात), की जुळलेला (सगळे दात आलेला). मग खूर, खांदा, शेपटीचा गोंडा, चाल. म्हशीला वेत कितवं, गाभण किती महिन्यांची, कास कशी आणि दोन वेळा समोर पिळून किती निघतं. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात मी एका काकांना म्हैस घेताना पाहिलं: त्यांनी विकणाऱ्यानं आदल्या दिवसाचं दूध कासेत तुंबवून ठेवलंय का ते बघायला सकाळपासून तिथंच बैठक मारली होती, दुपारची धार स्वतः काढली आणि मगच उपरण्याखाली हात घातला.

दिशा मात्र सांगता येते. मृगाच्या आधी कामाच्या बैलाला मागणी असते. ऊसतोड सुरू व्हायच्या तोंडावर, मुकादमाची उचल हातात आली की, बैलगाडीवाले बैल घेतात, आणि पट्टा पडल्यावर (तोडीचा हंगाम संपल्यावर) तेच बैल विकायला निघतात. दुष्काळात चारा संपला की सगळेच विकायला येतात, घेणारा नसतो. दुधाचा दर चढला की गाईची किंमत चढते. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून थकलेल्या बैलाची किंमत जवळपास संपली. तो विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा जुना हिशोब मोडला. उलट, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना वाट करून दिल्यावर चपळ खिल्लार खोंडाला येणारं गिऱ्हाईक शेतीचं राहिलंच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी या जनावरांच्या त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा तर भाव हा शब्दच काही महिने ऐकला नाही.

शेळ्या-बोकडांचं सोपं आहे. बकरी ईदच्या आधीचे तीन-चार आठवडे आटपाडीच्या शनिवारी जाऊन बघा. तिथंही वजनापेक्षा रूप आणि दात विकले जातात.

ब्रॉयलर आणि अंड्यांचा दर कोण ठरवतं?

अंड्यांचा दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज शहरनिहाय सांगते, शंभर अंड्यांवर. ही समिती १९८२ साली उभी राहिली, डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं. त्याआधी व्यापारी सांगेल तो दर होता. हा दर सुचवलेला असतो, म्हणून शेडवर प्रत्यक्षात त्यापेक्षा दहा-वीस रुपये खालीच सौदा होतो.

ब्रॉयलरचा दर जिवंत किलोवर. पक्षी साधारण सहा आठवड्यांत तयार होतो आणि मग थांबत नाही: खातो, वाढतो, आणि जास्त मोठा झाला की दुकानदार तो घेत नाही. त्यामुळे कांद्यासारखं चाळीत ठेवू, असं म्हणता येत नाही. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात, दीप अमावस्येपर्यंत दर तेजीत आणि श्रावण लागला की खाली, हे कॅलेंडर प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला पाठ आहे. पिल्लं टाकतानाच तो दिवस मोजतो. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना बाजारदराचा थेट फटका बसत नाही, त्यांना किलोमागे पालनखर्च मिळतो. पण दर पडला की कंपनी पुढची बॅच उशिरा टाकते आणि शेड रिकामं राहतं.

फेब्रुवारी-मार्च २०२० आठवतो? कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरली आणि लोकांनी पक्षी अक्षरशः फुकट वाटले. त्या बाजारात आवक, सण, खाद्य काहीच बदललं नव्हतं.

तुम्ही काही दिवस भाव टाकत नाही, का?

रविवार असतो, किंवा समितीनं आकडे रात्री उशिरा भरलेले असतात, किंवा माझ्या चाळीत निवडणी चालू असते.

पट्टीवर (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीवर) काय काय कापलेलं बरोबर?

हमाली, तोलाई, वाराई (चढ-उतार आणि वजनाची मजुरी) कापतात. अडत (अडत्याचं कमिशन) मात्र नाही: फळे आणि भाजीपाल्याची अडत २०१६ पासून खरेदीदारानं द्यायची आहे, बाजार फीसुद्धा त्याचीच. ‘इतर’ अशा नावाखाली आकडा दिसला तर तिथंच विचारा. घरी आल्यावर कुणी उत्तर देत नाही.

पैसे अडकले तर?

नियम २४ तासांत पैसे द्यायचा आहे. चेक घेताना पुढची तारीख घालून घेऊ नका, कितीही ओळखीचा व्यापारी असो. माझे एकदा अडकले. चेक परत आला, फोन उचलेना. समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज दिला, एक प्रत जिल्हा उपनिबंधकांकडे पाठवली. मूळ पट्टी जवळ होती म्हणून अर्ज टिकला; पाच महिन्यांनी, तीन हप्त्यांत पैसे आले. माझ्यासोबत ज्यांचे अडकले होते त्यातल्या एकाची पट्टी ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर राहिली होती. त्या कागदावरची छपाई उन्हात उडते. त्याच्या हातात राहिला कोरा पांढरा कागद. आता काट्यावरून पट्टी मिळाली की गेटबाहेर पडायच्या आत मी तिचा फोटो काढतो, आणि तो बायकोच्या मोबाइलवर पाठवतो.